ऑस्टेंडचे पाच दिवस : आधी भरती-ओहोटीचा तक्ता, मग बाकी सगळं

बेल्जियमचा सगळा समुद्रकिनारा मिळून जेमतेम ६५-६७ किलोमीटर. पश्चिमेच्या टोकाला फ्रान्सच्या हद्दीला टेकलेलं दे पाने, पूर्वेच्या टोकाला नेदरलँड्सला लागून असलेलं क्नोके आणि साधारण मध्यावर ऑस्टेंड. ही तिन्ही गावं आणि मधली सगळी लहानमोठी गावं एकाच ट्रामने जोडलेली आहेत. त्यामुळे मुक्काम हलवत बसायची गरज नाही. ऑस्टेंडला सामान टाकायचं आणि रोज सकाळी ट्रामने पूर्वेला जायचं की पश्चिमेला, एवढंच ठरवायचं.

ते ठरवायचं भरती-ओहोटीच्या तक्त्यावरून. बहुतेकांचा बेत इथेच फसतो. स्थळांची यादी काढून वार वाटून दिले की घोड्यांवरून मासेमारी करणारे कोळी बघायला नेमकं भर भरतीला पोचणं होतं, आणि रुंद वाळूवर चालायच्या दिवशी वाळूच उरलेली नसते. पुढचे पाच दिवस म्हणूनच वारांनी बांधलेले नाहीत. त्यांचा क्रम हवा तसा बदला. फक्त दुसरा दिवस ओहोटी बघूनच ठेवा.

निघण्याआधी

काळ निवडायचा तर जूनचा उत्तरार्ध किंवा सप्टेंबरचा पहिला पंधरवडा. जुलै-ऑगस्टमध्ये शाळांना सुट्टी असते; २१ जुलैचा राष्ट्रीय दिन आणि १५ ऑगस्टची धार्मिक सुट्टी यांच्या आसपास तर अर्धा देश किनाऱ्यावर असतो आणि ब्रसेल्सहून येणाऱ्या गाड्यांत उभं राहायलाही जागा नसते. पाणी सर्वांत कोमट ऑगस्टच्या शेवटी आणि सप्टेंबरच्या सुरुवातीला असतं. कोमट म्हणजे १८-१९ अंश. कोकणातल्या पाण्याची सवय असेल त्याला ते गारच लागणार. जूनमध्ये दिवस मोठा, सूर्य रात्री दहाच्या सुमारास मावळतो. सप्टेंबरच्या मध्यात आठच्या सुमारास. जीवरक्षक मात्र रोजच्या रोज बहुतेक ठिकाणी जुलै-ऑगस्टमध्येच असतात, सकाळी साडेदहा ते संध्याकाळी साडेसहा. पोहणं हाच मुख्य उद्देश असेल तर गर्दी सोसून ऑगस्टची अखेर धरावी.

शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, आणि किमान पंधरा दिवस आधी तरी करावाच लागतो. शुल्क मोठ्यांना ९० युरो, ६ ते १२ वर्षांच्या मुलांना ४५, त्याहून लहानांना नाही. केंद्राचा सेवाआकार वेगळा. विमा किमान ३०,००० युरोचा आणि सगळ्या शेंगेन देशांत चालणारा हवा. पॅरिस-ॲमस्टरडॅम जोडून जाणार असाल तर ज्या देशात जास्त रात्री, त्याच देशाकडे अर्ज. ऑस्टेंडला पाच आणि पॅरिसला तीन रात्री असतील तर अर्ज बेल्जियमकडे. घर भाड्याने घेतलं असेल तर बुकिंगच्या कागदावर सगळ्या प्रवाशांची नावं आहेत ना, ते बघा. एकाच नावाची पावती दिली की बाकीच्यांच्या राहण्याचा पुरावा मागतात.

राहायचं कुठे, यात खरी मेख आहे. जुलै-ऑगस्टमध्ये अपार्टमेंट बहुतेक शनिवार ते शनिवार अशी आठवड्यानेच मिळतात. जून-सप्टेंबरमध्ये तीन-चार रात्रींसाठीही मिळतात. जाहिरातीत 'फ्रोंटाल झेझिख्त' लिहिलं असेल तर खिडकीसमोर समुद्र. 'झायडेलिंग्स झेझिख्त' म्हणजे बाल्कनीतून वाकून डावीकडे किंवा उजवीकडे पाहिल्यावर दिसणारी निळी पट्टी. दुसऱ्यासाठी जास्तीचे पैसे मोजू नका. 'स्लापहूक' म्हणजे बेडरूम नव्हे. दाराशेजारच्या बिनखिडकीच्या कोनाड्यात टाकलेले एकावर एक पलंग. मुलांना चालतात, आजीआजोबांना नाही. चादरी-टॉवेल, शेवटची साफसफाई, अनामत आणि पर्यटक कर हे भाड्यात धरलेत की वर, हे आधी विचारून घ्या. कचऱ्याला नगरपालिकेच्या ठरावीक पिशव्याच लागतात आणि त्या विकत घ्याव्या लागतात. शेगडी सहसा इंडक्शनची असते, आणि धूरसूचक यंत्र प्रत्येक घरात असतं. मिरची-लसणाची खमंग फोडणी देण्याआधी खिडकी उघडा. भारतातला दोन पिनांचा बारीक चार्जर तिथल्या सॉकेटमध्ये चालतो, तीन पिनांचा बसत नाही.

जागा म्हणाल तर समुद्राकाठच्या रस्त्यापेक्षा स्टेशन आणि वापेनप्लाइन हा मुख्य चौक यांच्या मधला भाग सोयीचा. ट्राम, रेल्वे, मासळीबाजार, वाळू सगळं पंधरा मिनिटांच्या चालीत येतं. किनाऱ्यालगत आठ-दहा मजली इमारतींची सलग भिंतच आहे. तिच्यातल्या गल्ल्यांतून वारा असा घुसतो की छत्री उलटी होते. छत्री आणूच नका. टोपीचं, वारा अडवणारं जाकीट आणा, अगदी ऑगस्टमध्येसुद्धा.

पहिला दिवस : ब्रसेल्सहून ऑस्टेंड

ब्रसेल्स विमानतळाचं रेल्वे स्टेशन इमारतीच्या तळघरातच आहे. तिकीट काढताना निघण्याचं ठिकाण 'विमानतळ' असंच निवडा. या स्टेशनासाठी वेगळा अधिभार असतो, आणि फलाटाकडे जाणारी स्वयंचलित दारं त्याच तिकिटाने उघडतात. ब्रसेल्स-नोर्डला गाडी बदलून ऑस्टेंडची इंटरसिटी धरायची. ती गेंट आणि ब्रुगेवरून जाते. ब्रसेल्सपासून सव्वा तासाच्या आसपास, बदलाबदली धरून विमानतळापासून साधारण दोन तास. आसनाचं आरक्षण नसतं. क्नोके किंवा ब्लांकेनबर्गची गाडी पकडली असेल तर सावध राहा: ती बहुधा ब्रुगेला तुटते आणि अर्धे डबे एका गावाला, अर्धे दुसऱ्या गावाला जातात. डब्यातली पाटी वाचून बसा. फ्रेंच भागातून येत असाल तर गावांची नावं बदलतात, ब्रुगेचं ब्रुज होतं. पाटीवर ओळखीचं नाव दिसलं नाही म्हणून गाडी सोडू नका.

ऑस्टेंडचं स्टेशन बंदरालाच लागून आहे, कारण पूर्वी गाडीतून उतरून लोक थेट इंग्लंडच्या बोटीत चढत. बाहेर पडताच मेर्काटोर हे तीन डोलकाठ्यांचं पांढरं जहाज दिसतं. १९३२ मध्ये ते जलावतरण होऊन बेल्जियमच्या व्यापारी नौदलाचं प्रशिक्षण जहाज झालं. ईस्टर बेटावरची एक भव्य दगडी मूर्ती आणि हवाईच्या मोलोकाई बेटावर कुष्ठरोग्यांची सेवा करता करता वारलेले फादर डेमियन यांचे अवशेष, दोन्ही याच जहाजाने बेल्जियमला आणले. मुलं बरोबर असतील तर आत जा. जिने उभे आणि अरुंद आहेत, पाठीवरची मोठी सॅक घेऊन उतरता येत नाही.

पहिल्या दिवशी काम एकच: पोटोबा आणि तक्ता. स्टेशनापासून फिसर्सकाय या धक्क्यावर चालत या. इथे शिजवलेल्या मासळीचे ठेले आहेत, आणि फिसट्राप या छोट्या बाजारात कोळ्यांची ताजी मासळी सकाळी मिळते. इथली खरी शान म्हणजे करड्या रंगाची बारीक कोळंबी, आपल्या करंदीच्या आकाराची. ती बोटीवरच समुद्राच्या पाण्यात उकडून आणतात, म्हणजे विकत घेता ती शिजलेलीच असते. घरी नेऊन पुन्हा कालवणात टाकली तर रबर होते आणि चव पार जाते, थंडच खायची. सोललेली महाग, कारण ती हातानेच सोलावी लागते. सालासकट किलोभर घेतली तर हाती सुमारे एक तृतीयांश ऐवज लागतो. सोलताना एका हातात डोकं, दुसऱ्या हातात शेपटी, मध्ये किंचित पिळायचं, शेपटीचं साल ओढायचं, मग डोकं. पहिल्या दहांचा चुराडा होतो, पुढे हात बसतो.

हॉटेलात हीच कोळंबी दोन रूपांत येते: पोखरलेल्या कच्च्या टोमॅटोत मेयोनेजसह भरलेली, किंवा घट्ट पांढऱ्या सॉसमध्ये घालून तळलेली क्रोकेट, दोन नग, बरोबर तळलेली पार्सली आणि लिंबू. क्रोकेट चांगली की वाईट हे कापल्यावर कळतं. आतलं सारण संथ ओघळलं पाहिजे. ठोकळ्यासारखं उभं राहिलं तर ती फ्रीजरमधली. शिंपल्यांचं भांडं माणशी किलोभराचं असतं. एका रिकाम्या शिंपल्याचाच चिमटा करून बाकीचे खायचे. हे शिनाणे जातीचे शिंपले इथले नव्हेत, शेजारच्या नेदरलँड्समधल्या झेलंडहून येतात, आणि हंगाम साधारण जुलैपासून पुढच्या वसंतापर्यंत. जूनमध्ये जाणाऱ्यांनी त्यांच्या मागे लागू नये. लोण्यातला लेप हा चपटा मासा मागवावा. ठेल्यावर मिरीच्या गरम रश्श्यातल्या शंखगोगलगायीही मिळतात. त्या चिवट असतात, पण वाऱ्यात उभं राहून तो रस्सा पिण्यात मजा आहे.

शाकाहारींसाठी एक महत्त्वाची गोष्ट. बेल्जियन फ्राइज परंपरेने गोवंशाच्या चरबीत तळतात, तेही दोनदा: एकदा मंद आचेवर शिजवण्यासाठी, दुसऱ्यांदा कडक तापलेल्या चरबीत कुरकुरीत करण्यासाठी. चव त्याचीच असते. गाड्यावर जाऊन 'वनस्पती तेल आहे का' हे स्पष्ट विचारा. काही ठिकाणी असतं, बऱ्याच ठिकाणी नसतं. भाज्यांच्या सुपातही मांसाचं पाणी असू शकतं. चीजची क्रोकेट, वाफल, पॅनकेक हे पर्याय आहेत, पण चीजची क्रोकेट कोळंबीच्याच तेलात तळलेली असण्याची शक्यता धरा. पाच दिवसांचे पोहे, खिचडीचं सामान सोबत असलेलं बरं. जेवणाच्या वेळा कडक: दुपारी बारा ते दोन, संध्याकाळी सहा ते नऊ. साडेतीनला भूक लागली तर वाफलवर भागवावं लागतं. साधं पाणी फुकट देण्याची पद्धत नाही, बाटली विकतच येते. टिप बिलात धरलेलीच असते.

आता तक्ता. ऑस्टेंडच्या भरती-ओहोटीच्या वेळा इंटरनेटवर आणि पर्यटन कार्यालयात मिळतात. 'हूखवाटर' म्हणजे पूर्ण भरती, 'लाखवाटर' म्हणजे पूर्ण ओहोटी. वेळ उन्हाळी घड्याळाची आहे की जागतिक प्रमाणवेळ, ते आधी बघा. दोन तासांची चूक इथेच होते. रोज वेळ सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. भांगाच्या दिवसांत, म्हणजे अष्टमीच्या आसपास, पाण्याच्या पातळीतला फरक तीनेक मीटर, उधाणाला साडेचारच्या आसपास. या किनाऱ्याची एक खोड ध्यानात ठेवण्यासारखी आहे: अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला उन्हाळ्यात पूर्ण भरती भर दुपारी येते आणि ओहोटी सकाळी लवकर व संध्याकाळी उशिरा. भांगाच्या दिवसांत उलट, ओहोटी दुपारच्या सुमारास. नीवपोर्टला वेळा ऑस्टेंडपेक्षा किंचित आधी, झेब्रुगेला किंचित नंतर, कारण भरतीची लाट इंग्लिश खाडीकडून पश्चिम-पूर्व सरकते.

दुसरा दिवस : ओस्टडाउनकेर्क आणि नीवपोर्ट

पाच दिवसांतला हा सर्वांत महत्त्वाचा दिवस, म्हणून तो ओहोटी सकाळी दहा ते दुपारी तीनच्या दरम्यान येईल त्या तारखेला ठेवा. ओस्टडाउनकेर्कचे कोळी ब्राबांट जातीच्या दणकट घोड्यांवर बसून छातीभर पाण्यात शिरतात आणि किनाऱ्याला समांतर चालत मागे नरसाळ्याच्या आकाराचं जाळं ओढतात. जाळ्याचं तोंड दोन लाकडी फळ्यांमुळे उघडं राहतं. पुढे वाळूवरून एक साखळी घासत जाते. तिच्या कंपनांनी वाळूत दडलेली कोळंबी उडी मारते आणि जाळ्यात येते. पकड घोड्याच्या दोन्ही अंगांना लटकवलेल्या टोपल्यांत पडते. २०१३ मध्ये युनेस्कोने या मासेमारीची नोंद मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत केली. हा देखावा पर्यटकांसाठी रचलेला नाही, आणि तो रोजही नसतो. हिवाळा सोडून आठवड्यातून सुमारे दोनदा घोडे पाण्यात जातात. प्रात्यक्षिकांच्या तारखा हंगामाच्या सुरुवातीला जाहीर होतात. त्या तारखांभोवतीच सगळी सहल बांधलीत तरी चुकीचं होणार नाही.

ऑस्टेंड स्टेशनाच्या थांब्यावरून दे पानेच्या दिशेची ट्राम घ्या. ही ट्राम जगातली सर्वांत लांब ट्रामवाट, क्नोके ते दे पाने ६७ किलोमीटर. तिचा पहिला टप्पा ऑस्टेंड ते नीवपोर्ट १८८५ मध्ये सुरू झाला. या टोकापासून त्या टोकापर्यंत अडीच तासांच्या आसपास लागतात. गाडीत रोख चालत नाही. बँकेचं संपर्कविरहित कार्ड, दे लाइन कंपनीचं ॲप किंवा थांब्यावरचं यंत्र वापरा. रेल्वेचं तिकीट इथे चालत नाही, कंपनी वेगळी. सुट्या तिकिटाची मुदत एक तासाची असते, त्यामुळे दोनदा चढउतार करायची असली की दिवसभराचा पास परवडतो. बसताना उजवीकडची खिडकी धरा. रावर्सायडे ते मिडलकेर्के या पट्ट्यात रूळ आणि समुद्र यांच्यामध्ये फक्त बांध उरतो, आणि सगळ्या वाटेतला हाच तुकडा खरोखर समुद्राकाठचा आहे. पूर्वेकडच्या वाटेवर ट्राम टेकड्यांच्या मागून जाते, पाणी फारसं दिसत नाही. उतरायच्या आधी बटण दाबा, नाहीतर ती थांबत नाही.

ओस्टडाउनकेर्कला ऑस्टेंडहून पाऊण ते एक तास. पूर्ण ओहोटीच्या दीड तास आधी वाळूवर हजर राहा. घोडे साधारण तेव्हाच पाण्यात उतरतात आणि भरती चढू लागली की परततात. ओहोटीच्या क्षणाला पोचणाऱ्याला अर्धंच दिसतं. रस्त्यापासून पाण्यापर्यंतची वाळू चांगली रुंद आहे आणि वाटेत घोटाभर पाण्याचे ओहोळ लागतात, म्हणून बुटांऐवजी रबरी चपला किंवा अनवाणी. जोराचा वारा किंवा लाटा असतील तर मासेमारी रद्द होते. सकाळी निघण्यापूर्वी एकदा खात्री करा. घोड्यांच्या मागे उभं राहू नका, आणि जाळ्याच्या दोरांपासून मुलांना लांब ठेवा.

भरतीचा धोका मात्र ओहोटीतच दडलेला असतो. इथली वाळू सपाट नाही. किनाऱ्याला समांतर उंचवटे आणि त्यांच्यामध्ये खोलगट पन्हळी असतात. पाणी परत येताना आधी तुमच्या पाठीमागची पन्हळ भरते. पुढच्या उंचवट्यावर शिंपले वेचणाऱ्याला पाय कोरडे असल्यामुळे पत्ताच लागत नाही, आणि वळून बघतो तो परतीच्या वाटेवर मांडीभर वाहतं पाणी. तक्त्यातली ओहोटीची वेळ उलटली की पाय मागे वळवा. दगडी आडव्या बांधांवर चढू नका. शेवाळाने निसरडे असतात आणि त्यांच्या कडेने ओढ असते. पोहायचं फक्त जीवरक्षकांच्या हद्दीत: हिरवा झेंडा मोकळीक, पिवळा जपून आणि फुगवलेल्या खेळण्यांना मनाई, लाल म्हणजे पाण्यात पाऊलही नाही.

दुपारी जवळचं नाविगो हे मासेमारीचं संग्रहालय बघा, मग परतीच्या ट्रामने नीवपोर्टला उतरा. गावाचं समुद्राकाठचं टोक आणि जुनं गाव असे दोन वेगळे थांबे आहेत. उतरायचं 'नीवपोर्ट स्टाड'ला. नदीवर 'गान्झेपोट', म्हणजे हंसाचा पाय, नावाचा उघाड्यांचा, म्हणजे पाणी अडवण्या-सोडण्याच्या दारांचा, समूह आहे. सहा जलमार्ग इथे पंज्याच्या बोटांसारखे एकत्र येतात. खारबंदिस्ती ज्यांनी पाहिली आहे त्यांना त्याचं काम सांगावं लागत नाही: आतली जमीन भरतीच्या पातळीपेक्षा खाली, म्हणून भरतीला दारं बंद आणि ओहोटीला उघडी, म्हणजे आतलं गोडं पाणी निघून जातं आणि खारं आत येत नाही. ऑक्टोबर १९१४ च्या अखेरीस, जर्मन सैन्य एझर नदीपर्यंत येऊन ठेपलं तेव्हा, बेल्जियन लष्कराने हाच नियम उलटा फिरवला. रात्री भरतीला दारं उघडली, ओहोटीला बंद केली. फुर्नेचा उघाडी-देखरेखदार कारेल कोग आणि नावाडी हेंड्रिक खेरार्ट यांना पाण्याची चाल ठाऊक होती. नीवपोर्ट-डिक्समुइडे रेल्वेचा भराव बांधासारखा वापरला, त्याखालच्या मोऱ्या आधी बुजवल्या, आणि काही दिवसांत भराव ते नदी या पट्ट्यात उथळ तळं पसरलं. खोली फार नव्हती. पण चिखल, बुजलेले चर आणि न दिसणारे नाले यांमुळे सैन्य पुढे सरकेना. चार वर्षं ती रेषा हलली नाही.

उघाड्यांच्या कडेला १९३८ चं राजा आल्बर्ट पहिला याचं गोल स्मारक आहे आणि त्याच्या खाली वेस्टफ्रंट संग्रहालय. आधी संग्रहालय, मग वरच्या कडीवर जाऊन खालच्या दारांकडे बघा. उलट्या क्रमाने केलं तर दारं म्हणजे नुसता जुना लोखंडी पसारा वाटतो.

तिसरा दिवस : पावसाचा ऑस्टेंड

जो दिवस भिजका निघेल त्याला हा कार्यक्रम लावा. फ्लांडेरेनस्ट्राटवरचं जेम्स एन्सॉरचं घर आधी. हा चित्रकार १८६० मध्ये ऑस्टेंडला जन्मला आणि १९४९ मध्ये इथेच वारला. आईच्या नातेवाइकांचं शिंपले-मुखवट्यांचं दुकान असलेलं हे घर त्याला वारशाने मिळालं. त्याच्या चित्रांतले मुखवटे आले कुठून, हे दुकानाच्या काचेकडे बघितलं की उमगतं. घरात लावलेली चित्रं प्रतिकृती आहेत, मूळ चित्रांच्या आशेने जाऊ नका. त्याची कबर मारियाकेर्के भागातल्या टेकडीवरच्या जुन्या चर्चच्या आवारात आहे.

समुद्राकाठच्या रस्त्यावरून पश्चिमेला चालत गेलात की राजेशाही गॅलऱ्यांचे खांब लागतात. फ्रेंच वास्तुविशारद शार्ल जिरो याने १९०२ ते १९०६ मध्ये लिओपोल्ड दुसऱ्यासाठी ही झाकलेली वाट बांधली, राजाला बंगल्यापासून घोड्यांच्या शर्यतीच्या मैदानापर्यंत न भिजता जाता यावं म्हणून. वाटेतच त्याचा अश्वारूढ पुतळा आहे, १९३१ चा. पायथ्याशी कृतज्ञ काँगोवासीयांची मूर्तिरचना. त्यांतल्या एकाचा हात २००४ मध्ये आंदोलकांनी कापून नेला. काँगो १८८५ ते १९०८ या काळात या राजाची खासगी मालमत्ता होती आणि रबराच्या वसुलीत तिथे माणसांचे हात तोडले जात. गावातली एवढी भव्यता कुणाच्या पैशावर उभी राहिली, याचं उत्तर त्या तुटक्या मनगटात आहे. फोटो काढून पुढे जाण्याआधी तिथे थांबा.

भारताशीही या बंदराचं जुनं नातं आहे. १७२२ मध्ये पवित्र रोमन सम्राट सहाव्या कार्लने ऑस्टेंड कंपनीला सनद दिली. तिच्या वखारी मद्रासच्या दक्षिणेला कोवलमला आणि बंगालमध्ये हुगळीकाठी बांकीबाजारला होत्या. इंग्रज आणि डच यांना ही स्पर्धा खपली नाही; १७२७ मध्ये सनद स्थगित झाली, १७३१ मध्ये कंपनी कायमची गुंडाळली.

पाऊस उघडला तर दुपारी ट्रामने रावर्सायडेला जा. 'डोमाइन रावर्सायडे' थांब्याजवळ दोन्ही महायुद्धांतल्या जर्मन तोफखान्याचं उघड्यावरचं संग्रहालय आहे, साठांहून अधिक बांधकामं आणि दोनेक किलोमीटर चर. अडीच तास धरा. छतं बुटकी, जमीन ओबडधोबड; गुडघ्यांचा त्रास असणाऱ्यांनी टाळावं. हिवाळ्यात ते बंद असतं. नाहीच जमलं तर बंदरातून पलीकडे जाणारी फुकटची होडी पकडून नेपोलियनच्या काळातला पंचकोनी किल्ला बघता येतो.

चौथा दिवस : दे हान आणि ब्लांकेनबर्ग

पूर्वेची ट्राम, दे हान वीस-पंचवीस मिनिटांवर. इमारतींची भिंत इथे नाही. १८८९ मध्ये जमीन विकासाला देताना घरांची उंची आणि रूप यांवर बंधनं आली, म्हणून लाल कौलांचे पांढरे बंगले आणि वळणावळणाच्या गल्ल्या टिकल्या. विसाव्या शतकाच्या सुरुवातीचं ट्रामचं स्टेशनही जपलेलं आहे. जर्मनी सोडल्यावर आइन्स्टाइन १९३३ च्या वसंतापासून सप्टेंबरपर्यंत इथल्या साव्होयार्ड बंगल्यात राहिला; बंगला खासगी आहे, बाहेरूनच बघायचा. त्याचा बाकावर बसलेला पुतळा जवळच्या बागेत आहे.

मुलं बरोबर असतील तर वाळूवर क्रेप कागदाच्या फुलांची दुकानं शोधा. स्थानिक मुलं फुलं करून मांडतात आणि किंमत शिंपल्यांत घेतात. कोणत्या जातीचा शिंपला चलन म्हणून चालतो हे गावागणिक बदलतं, म्हणून आधी विचारायचं आणि मग वेचायला जायचं. बाहेरून आलेल्या मुलांना भाषेशिवाय इथल्या मुलांत मिसळता येण्याची याहून सोपी वाट नाही. कागद आणि तार घेऊन गेलात तर स्वतःचं दुकानही मांडता येतं. पायडलच्या गाड्या भाड्याने मिळतात. तासाऐवजी अर्ध्या तासाची घ्या, वाऱ्याविरुद्ध पाय भरून येतात.

ब्लांकेनबर्ग पुढे वीस मिनिटांवर. १९३३ चा काँक्रीटचा लांब धक्का समुद्रात शिरतो. टोकापर्यंत जाऊन मागे वळून गाव बघावं. बाकी गाव गजबजलेलं आहे, दोन तास पुरेत.

पाचवा दिवस : झ्विन किंवा थेट परत

संध्याकाळचं विमान असेल तर क्नोकेच्या भानगडीत पडू नका. सामान स्टेशनात ठेवून ब्रुगेला दोन तास उतरा, ऑस्टेंडहून रेल्वेने पंधरा मिनिटं. दिवस मोकळा असेल तर क्नोकेपलीकडचं झ्विन बघा. एके काळी याच खाडीने ब्रुगेला समुद्र मिळवून दिला होता. ती गाळाने भरत गेली आणि शहराचा व्यापारही सुकला. आता तिथे खाजण आहे, करकोचे आणि असंख्य पाणपक्षी. जुलै-ऑगस्टमध्ये सगळा पट्टा जांभळ्या फुलांनी भरतो. क्नोके स्टेशनावरून बस मिळते, तिची परतीची वेळ उतरतानाच बघून घ्या. उद्यानाची इमारत आणि मागचं मोकळं खाजण या दोन वेगळ्या गोष्टी. दुर्बीण आणि पाण्याचे बूट असतील तरच दुसरीकडे जा. उधाणाच्या भरतीला खाडीचं पाणी वाटांवरही चढतं.

परतताना ऑस्टेंडला जायची गरज नाही, सामान बरोबर असेल तर क्नोकेहून ब्रसेल्सची थेट रेल्वे आहे. रविवारी संध्याकाळी आणि उन्हाच्या कोणत्याही दिवशी पाच ते सातच्या गाड्या ठेचून भरतात. विमान गाठायचं असेल तर दुपारी दोनच्या आतली गाडी धरा.